पटावरून कमी झालेली नावे

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत जुन्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत कधीकधी एक संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात अमुक माणसे गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले, एवढाच तिच्यावरचा मजकूर. दोन आकडे, आणि नाव एकाचेही नाही. पाटी लावणाऱ्या सरकारचे आकड्यावर भागत होते. गावाचे भागायला नको होते. पण नावे कुणी वेळेवर लिहून ठेवली नाहीत, आणि ती सांगू शकणारी पिढीही गेली.

शाळांच्या शतकमहोत्सवी स्मरणिका चाळून पाहा. आधी मंत्र्यांचे आणि माजी मंत्र्यांचे शुभसंदेश, मग जाहिराती, संस्थापकांचा परिचय, आणि शेवटी दोन-तीन नामवंत माजी विद्यार्थी. बाकीचे सगळे ‘शाळेने हजारो विद्यार्थी घडवले’ या वाक्यात गुंडाळलेले. पार्ल्याच्या टिळक विद्यालयाने पु. ल. देशपांडे यांची आठवण अभिमानाने सांगावी हे योग्यच आहे. पण पु. लं.वर लिहिणारे महाराष्ट्रभर आहेत. त्यांच्या मागच्या बाकावर बसून पुढे पोस्टात, गोदीत किंवा रेल्वेच्या हिशेबखात्यात आयुष्य घालवलेल्या मुलाबद्दल शाळेने लिहिले नाही, तर दुसरे कुणीही लिहिणार नाही.

हा लेख अशा नोंदी करू पाहणाऱ्यांसाठी आहे. माजी विद्यार्थी संघ असेल तर उत्तम. नसेल तर निवृत्त झालेले दोघे-तिघे वर्गमित्र, शाळेतला एक उत्साही शिक्षक आणि कार्यालयातला लिपिक एवढ्यांवर काम सुरू होते. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी प्राचीन, मध्ययुगीन आणि अर्वाचीन असे तीन चरित्रकोश १९३२ ते १९४६ या काळात पुरे केले, तेही आजची कुठलीच साधने हाताशी नसताना. तुम्हाला अख्खे भारतवर्ष नव्हे, फक्त एक शाळा उरकायची आहे.

सुरुवात कपाटातून

पहिली चूक सगळीकडे एकच होते. व्हॉट्सॲपवर ‘आपल्या शाळेतील दिवंगत मान्यवरांची नावे कळवा’ असा निरोप जातो. ‘मान्यवर’ म्हटले की लोक डॉक्टर, वकील, सरपंच आणि आमदार कळवतात, आणि यादी तिथेच वाकडी होते. निरोप नंतर पाठवा. आधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन कार्यालयातले जनरल रजिस्टर उघडा. इमारत बदलो, संस्थेत भांडणे होवोत, हे रजिस्टर सहसा जपलेले असते, कारण शाळा सोडल्याच्या दाखल्याची दुसरी प्रत त्यावरूनच द्यावी लागते. रजिस्टर शाळेबाहेर नेऊ नका. खिडकीजवळच्या उजेडात पानांचे फोटो काढा आणि प्रत्येक फोटोच्या नावात रजिस्टरचा व पानाचा क्रमांक घाला.

या रजिस्टराचे मोल कळायला साताऱ्याचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचा इंग्रजी पहिलीत प्रवेश झाला. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. त्या एका नोंदीच्या आधारावर २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस पाळला जातो. ‘भीमराव’ शोधत बसणाऱ्याला ही नोंद सापडली नसती, आणि तुमचेही तसेच होणार आहे. घरचे नाव, पाळण्यातले नाव, आडनावाऐवजी गावाचे नाव, वडिलांऐवजी मामाचे नाव : पटावरचे नाव आणि पत्रिकेवरचे नाव जुळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक नोंदीत रजिस्टरातले नाव जसेच्या तसे ठेवा आणि पुढे रूढ झालेले नाव त्याच्या खाली लिहा. आणखी एक : बाबासाहेब १९०४ मध्ये मुंबईला गेले आणि पुढे एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकले. कुणी तुमच्या शाळेत तीनच वर्षे होता म्हणून त्याला परका मानू नका.

जुन्या इयत्तांची फोड आधीच करून ठेवा, नाहीतर घोळ होतो. इंग्रजी पहिली म्हणजे आजची पाचवी, इंग्रजी सातवी म्हणजे मॅट्रिक, जुनी अकरावी. त्या हिशेबाने ‘इंग्रजी सहावीत शाळा सोडली’ याचा अर्थ तो मुलगा दहावीपर्यंत पोहोचला होता. तरुण स्वयंसेवक तेच वाचून ‘सहावी नापास’ लिहून मोकळे होतात. व्हर्नाक्युलर फायनल ही मराठी सातवीची परीक्षा, आणि तिच्यावर प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे, हेही त्यांना सांगावे लागते. १९७५ मध्ये जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकदमच बाहेर पडली, त्यामुळे त्या सालाच्या याद्या दोनदा तपासा. फार जुन्या शाळांत काही पाने मोडीत असतील. अंदाजाने वाचू नका, मोडी जाणणारा गाठा. पुण्या-मुंबईबाहेरही असे लोक आता मिळतात.

‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना बहुतेक लोक वगळतात. मला तो सगळ्यात बोलका वाटतो. ‘गाव सोडले’, ‘वडिलांची बदली’, ‘सततच्या गैरहजेरीमुळे नाव कमी केले’. या शेवटच्या शेऱ्यामागे कधी दुष्काळ असतो, कधी मोठ्या भावाचे आजारपण, कधी अकराव्या वर्षी झालेले लग्न. ज्यांनी शाळा पुरी केली नाही तेही माजी विद्यार्थीच, आणि त्यांच्या नोंदी गाळल्या तर तुमची वही फक्त पास झालेल्यांची होईल.

जातीचा रकाना मात्र रजिस्टरातच राहू द्या. छापील नोंदीत त्याचे काम नाही. एखाद्याचे आयुष्यच जातीविरुद्धच्या लढ्यात गेले असेल तर ते त्याच्या कामातून येईल.

रजिस्टर नाहीच, असेही होते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठची कागदपत्रे गेली. कोयनेच्या पाण्याखाली गावेच गेली आणि मुले ठाणे, रायगड, रत्नागिरीकडच्या पुनर्वसन वसाहतींत पांगली. अशा वेळी शाळेचे वार्षिक, मुलांनी काढलेली हस्तलिखिते, स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिका, क्रीडास्पर्धांची प्रमाणपत्रे आणि वर्गाचे ग्रुप फोटो यांवरून यादी जुळवावी लागते. ग्रुप फोटोसाठी एक साधी युक्ती आहे. फोटो ए-थ्री आकारात छापा, त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवा, प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढून तिला क्रमांक द्या आणि मग तो कागद दोन-तीन ज्येष्ठांकडे वेगवेगळा फिरवा. एकत्र बसवलेत तर ज्याचा आवाज मोठा त्याचे म्हणणे सगळ्यांना पटते. जुना फोटो अल्बमच्या काळ्या पानावरून सोलून काढू नका, पानासकट टिपा.

मुलींची नावे

मुलींच्या शाळेत किंवा मुला-मुलींच्या शाळेतल्या मुलींबाबत काम दुप्पट असते, आणि इथेच बहुतेक उपक्रम दमतात. पुण्याच्या हुजूरपागेची स्थापना १८८४ ची. इरावती कर्वे तिथे शिकल्या. पण त्या मुलीचे आडनाव तेव्हा करमरकर होते. वडील ब्रह्मदेशात नोकरीला, तिथल्या नदीवरून नाव ठेवलेले. कर्वे हे आडनाव लग्नानंतरचे. हे निदान सोपे, कारण पहिले नाव टिकले. हिंगण्याला महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि महाराष्ट्र त्यांना विभावरी शिरूरकर या टोपणनावाने ओळखतो. तिन्ही नावांचा धागा ज्याच्या हाती नाही त्याला तीन बायका दिसतील. त्या प्रसिद्ध असल्याने धागा आपल्याला ठाऊक आहे. पटावरच्या कुसुम, शांता आणि द्वारका सासरी जाऊन वैशाली, सुनीता आणि लक्ष्मी झाल्या, त्यांचे काय?

इथे माजी विद्यार्थी संघाची यादी फारशी कामाला येत नाही. माहेरच्या गल्लीत राहणारा धाकटा भाऊ, भावजय, शेजारच्या काकू यांना विचारा. भाचे आणि भाच्या चांगल्या उपयोगी पडतात, मावशीचे लहानपणचे नाव त्यांनी आजोळी ऐकलेले असते. फॉर्ममध्ये ‘पूर्ण नाव’ असा एकच रकाना न ठेवता शाळेतले नाव, लग्नानंतरचे नाव आणि लोक ज्या नावाने हाक मारत ते नाव असे तीन रकाने ठेवा. वहीच्या शेवटी अकारविल्हे सूचीत तिन्ही नावे यायला हवीत. सूचीशिवायची नोंदवही म्हणजे कुलूप लावलेले कपाट.

व्यवसायाच्या जागी घरचे लोक ‘गृहिणी’ लिहून देतात. तो फॉर्म तसाच घेऊन येऊ नका. ‘त्या दिवसभर काय काय करत?’ असे विचारलेत की उत्तर लांबते. शिवणकाम, खानावळीचे डबे, शिकवण्या, भिशीचा हिशेब, शेतीवरची मजुरी, अंगणवाडी, बचत गट. गिरगावात १९५९ मध्ये सात बायकांनी सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग पुढे हजारो घरांत पोहोचला. त्या घरांतल्या कितीतरी बहिणी महापालिकेच्या शाळांतून शिकलेल्या असणार. रोज सकाळी पिठाचा गोळा घेऊन येणे आणि पापड लाटून देणे ही कारकीर्दच आहे, ती तशी लिहा.

माणूस खरोखर गेला आहे का?

हा प्रश्न विनोदी वाटेल. पण व्हॉट्सॲपवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते आणि संध्याकाळी कळते की गेला तो त्याच नावाचा चुलतभाऊ. जिवंत माणसाचे नाव दिवंगतांत छापण्याइतकी लाजिरवाणी गोष्ट या कामात दुसरी नाही. म्हणून नियम असा ठेवा : मृत्यूची नोंद करायला दोन स्वतंत्र आधार हवेत, आणि त्यांतला एक घरचा माणूस किंवा कागद असावा. ‘गेला असेल आता’ हा आधार नव्हे. खात्री नसेल तर नाव ‘पत्ता लागत नाही’ या वेगळ्या यादीत ठेवा. ती यादी शाळेच्या फलकावर लावा. तिच्यातले काही जण स्वतःच फोन करतील, आणि तो या कामातला आनंदाचा भाग.

कागद कुठले? जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा, त्यानंतरच्या काळासाठी ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा दाखला घरात बहुधा असतोच, कारण वारसनोंदीला तो लागतो. त्याआधीच्या काळासाठी खेड्यांतली कोतवाल बुके आहेत. जात पडताळणीच्या निमित्ताने अनेक कुटुंबांनी त्यांच्या नकला काढलेल्या असतात, तेव्हा आधी घरीच विचारा. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत वार असतो पण तारीख नसते, आणि बातमी एक-दोन दिवसांनी आलेली असते, त्यामुळे अंकाची तारीख हीच मृत्यूची तारीख धरू नका.

जन्मतारखांबाबत तर हात आखडताच ठेवा. आपल्या शाळांच्या रजिस्टरांत १ जूनला जन्मलेल्यांची अफाट गर्दी आहे. शाळा जूनमध्ये सुरू होई, मुलाचे वय बसवायचे असे, आई ‘आखाडात झाला, मोठ्या पुराच्या साली’ एवढेच सांगे, आणि गुरुजी तारीख घालून देत. त्या तारखेवर माणसाने नोकरी केली, निवृत्त झाला, पेन्शन घेतली. नोंदीत तारीख देण्याचा हट्ट नको. जन्माचे आणि मृत्यूचे वर्ष पुरते. नावाआधी कै., पैगंबरवासी, ख्रिस्तवासी असे काही घालण्यापेक्षा कंसात दोन वर्षे दिली की सगळ्यांना एकच रीत लागू होते.

शाळा गोव्यातली असेल, किंवा विद्यार्थी तिकडून आलेला असेल, तर १९६१ पूर्वीच्या पोर्तुगीज दप्तरात शेणै हे ‘सिनाय’ आणि कामत हे ‘कामोतीं’ या रूपात भेटतात. माझगावची सर एली कदूरी शाळा मुळात बेने इस्रायली समाजाच्या मुलांसाठी निघाली. तिथल्या आणि कोकणातल्या शाळांतल्या पुष्कळ मुलांची पुढची आयुष्ये इस्रायलमध्ये गेली. त्यांच्यातल्या काहींनी तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही चालवले, त्यामुळे तो माग मराठीतूनच काढता येतो. अमेरिका-इंग्लंडमध्ये वारलेल्यांच्या बाबतीत मुलांना इमेल करा आणि तिथल्या स्थानिक वर्तमानपत्रातली मृत्युवार्ता मागा. ती बहुधा घरच्यांनीच लिहिलेली असते आणि आपल्या निधनवार्तेपेक्षा सविस्तर असते. अडचण एकच : तिच्यात शाळेचे नाव नसते.

घरी गेल्यावर

माणूस जाऊन वर्ष उलटल्याशिवाय फॉर्म घेऊन जाऊ नये असे माझे मत आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर घरचे लोक आठवणी सांगायच्या मनःस्थितीत येतात. आधी फोन करा, शक्यतो वर्गमित्राला बरोबर न्या. ‘बाबांच्या वर्गातले’ म्हटले की दार वेगळ्या तऱ्हेने उघडते. देणगीचे पुस्तक त्या दिवशी घरी ठेवा. एका हाताने आठवण मागायची आणि दुसऱ्याने पावती फाडायची, हे लोकांच्या लक्षात राहते.

‘त्यांचे कर्तृत्व सांगा’ असे कधी विचारू नका. समोरचा माणूस लगेच भाषणाच्या भाषेत शिरतो आणि ‘मनमिळाऊ, हसतमुख, कर्तव्यदक्ष’ ही तीन विशेषणे हातात पडतात. पहिला पगार कुठे झाला? सकाळी किती वाजता घराबाहेर पडत? कुठल्या कामात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे? शाळेतली कुठली गोष्ट घरी पुन्हा पुन्हा सांगत, कुठल्या मास्तरांचे नाव घेत? असे प्रश्न विचारा. आणि वस्तू बघायला मागा : सेवापुस्तक, निरोपसमारंभाचे मानपत्र, वाहकाचा बिल्ला, गिरणीचा पास, हार्मोनिअमची वही, भजनी मंडळाचा फोटो. कागद सांगतो ते घरच्यांना कधीकधी ठाऊकच नसते. गिरणगावातल्या शाळा असतील तर १९८२ च्या संपाआधी काय काम होते आणि नंतर काय केले हे दोन्ही विचारा. संपानंतर भाजी विकणारा किंवा वॉचमन झालेला माणूस घरात ‘गिरणीत होते’ एवढाच उरतो, आणि पुढची वीस वर्षे कुणी सांगत नाही.

मृत्यूचे कारण हा रकाना फॉर्ममध्ये ठेवूच नका. कर्जापायी आत्महत्या, दारू, बदनामी आणणारे म्हणून लपवलेले आजार, तुरुंगवास, दोन संसार. हे सगळे कुठल्याही शाळेच्या पटावर असते आणि घरच्यांनी स्वतःहून सांगितले तरी ते छापायचे की नाही हे दुसऱ्यांदा, शांतपणे विचारावे लागते. माझा दंडक असा : एखादी गोष्ट गाळता येते, पण खोटी लिहिता येत नाही. ज्याने व्यवसाय बुडवला त्याला ‘यशस्वी उद्योजक’ करू नका. ‘१९७८ पर्यंत छापखाना चालवला’ एवढे लिहिले की खरेही होते आणि कुणाला लागतही नाही. भावाभावांत वाद असेल तर दोघांनाही मसुदा दाखवा. नातेवाइकांचे पत्ते, फोन, जिवंत मुलांच्या पगाराच्या आणि परदेशातल्या घरांच्या गोष्टी नोंदीबाहेर.

सैन्यात कामी आलेल्यांचे थोडे वेगळे आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ‘हट ऑफ रिमेंबरन्स’ ही छोटी वास्तू आहे, तिथे सेवेत प्राण दिलेल्या माजी छात्रांची नावे कोरलेली आहेत. देशातले पहिले सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात सुरू झाले. तिथे शिकलेले कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांची कथा साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तुमच्या साध्या शाळेतलाही एखादा जवान असेल. त्याचे स्मारक चौकात उभे राहिले असेल तर राहो. वहीत मात्र तो त्याच्या तुकडीतच, त्याच्या बाकावरच्या सोबत्यांच्या मध्येच असावा. चौकातल्या पुतळ्याखाली तो कबड्डीत कसा चढाई करायचा हे लिहिलेले नसते. तुम्ही ते लिहा.

ज्यांना कारकीर्दच मिळाली नाही

नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजी मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यात गेलेल्या शाळकरी शिरीषकुमार मेहता याचे नाव महाराष्ट्रात बहुतेकांना सांगता येते. त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले. ही चार नावे किती जणांना येतात? इतक्या मोठ्या घटनेतही आपली स्मरणशक्ती एका नावावर थांबते. मग विहिरीत बुडालेला सातवीतला मुलगा, साप चावून गेलेली मुलगी, कावीळ झालेला दहावीतला मुलगा यांची काय कथा. रजिस्टरात त्यांच्यापुढे ‘मयत’ असा शेरा असतो आणि घरात आता त्यांना ओळखणारे एखादे भावंड उरलेले असते.

यांच्या नोंदी तीन-चार ओळींच्याच होतील, होऊ द्या. कुठल्या वर्गात होता, कुणाशेजारी बसे, अक्षर कसे होते, कुठल्या विषयात मार खाई. ‘आज असता तर’ हे वाक्य टाळा. तो काय झाला असता हे कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याने काही व्हायला हवे होते असेही नाही.

लिहिताना

एका नोंदीला दीडशे शब्दांची मर्यादा घाला आणि ती सगळ्यांना सारखी ठेवा, कुलगुरूलाही आणि कुळवाड्यालाही. मर्यादा नसली की नामवंतांच्या नोंदी फुगतात आणि बाकीच्या दोन ओळींच्या उरतात. क्रम शाळा सोडल्याच्या वर्षाचा आणि त्याखाली रजिस्टरच्या क्रमांकाचा. ज्येष्ठतेचा, पदाचा, देणगीचा नको.

समजा, १९६४ साली अकरावी झालेला एक विद्यार्थी एस. टी. त वाहक होता. पाठवलेला मजकूर साधारण असा येतो : ‘अत्यंत कष्टाळू, मनमिळाऊ व कर्तव्यतत्पर असे व्यक्तिमत्त्व. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.’ यात माणूस कुठे आहे? त्याच घरी पुन्हा जाऊन चार प्रश्न विचारले की असे काही लिहिता येते : ‘अकरावीनंतर दोन वर्षे घरची शेती. मग एस. टी. त वाहक, निवृत्तीच्या वेळी वाहतूक नियंत्रक. बरीच वर्षे मुक्कामाच्या गाडीवर. मुक्कामाच्या गावात रात्री मारुतीच्या देवळात मुलांची गणिते सोडवून देत, पाढे पाठ करून घेत. सुट्ट्या पैशांवरून भांडण नको म्हणून घरून नाण्यांची पुरचुंडी नेत. शाळेतल्या गणिताच्या मास्तरांचे नाव त्यांनी धाकट्या मुलाला ठेवले.’ हे कल्पित आहे, पण अशा गोष्टी विचारल्यावर निघतात. एकही विशेषण लागले नाही.

पद लिहिताना कामही लिहा. ‘पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता’ यापेक्षा कुठल्या कालव्यावर होता ते वाचणाऱ्याला दिसते. शेतकऱ्याचे ‘प्रगतशील’ काढून टाका आणि त्याने गावात पहिल्यांदा काय लावले, कुठली विहीर खणली ते लिहा. तमाशात ढोलकी वाजवणारा, लग्नात स्वयंपाकाला जाणारी, रिक्षावाला, कंपाउंडर, तलाठी, सगळ्यांना हाच न्याय. मसुदा छापण्यापूर्वी घरी वाचून दाखवा. लेखी पाठवला तर लोक ‘छान आहे’ म्हणतात, मोठ्याने वाचला की ‘छे, ते आधी नाशिकला होते’ असे निघते.

दगडावर नको, निदान आधी नको

संघाच्या पहिल्याच बैठकीत कुणीतरी ग्रॅनाइटच्या स्मृतिफलकाची सूचना मांडते, दाता तयारच असतो. थोडे थांबवा. दगडात चुकलेला काना दुरुस्त करायला नवा दगड लागतो, आणि दर वर्षी नावे वाढणारच आहेत. पाने काढता-घालता येतील अशी फाइल शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, तिची दुसरी प्रत संघाकडे आणि तिसरी संगणकावर. प्रत्येक पानाच्या तळाशी माहिती कुणी दिली आणि केव्हा लिहिली हे टिपून ठेवा. दुरुस्तीची चिठ्ठी टाकायला मागे एक पाकीट चिकटवा.

स्मरणाचा दिवस कुठला, यावर वाद होतो. सर्वपित्री अमावास्येची सूचना येते, भावना समजण्यासारखी आहे. पण पटावर सगळ्या धर्मांची मुले होती, तेव्हा शाळेचा वर्धापनदिन बरा. त्या दिवशी एका जुन्या तुकडीच्या नोंदी आजच्या मुलांनी वाचाव्यात, भाषण कुणाचेही नको. नववीच्या मुलांना एकेका नोंदीचे काम दिले तर ती अशा घरी जाऊन अशा गोष्टी आणतात की मोठ्यांना त्या कधी सांगितल्या गेल्या नसत्या. मात्र बरोबर शिक्षक असावा.

आणि यातले काहीच जमणार नसेल तर बक्षीस समारंभापासून सुरू करा. प्रत्येक शाळेत स्मृतिपारितोषिके असतात. ठेव जुनी, व्याज तुटपुंजे, रक्कम एकशे एक रुपयांवर अडकलेली. दर वर्षी ती नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जातात आणि बक्षीस घेणारी मुलगी, देणारे पाहुणे, पुकारणारे शिक्षक यांपैकी कुणालाच तो माणूस कोण होता हे माहीत नसते. संस्थेच्या जुन्या इतिवृत्तात ठेव कुणी, कशासाठी ठेवली ते सापडते. त्यावरून प्रत्येक नावाच्या चार ओळी करा, पुढच्या समारंभात पुकारण्याआधी त्या वाचायला द्या आणि प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला छापा. एका शनिवारात होण्यासारखे काम आहे.

वही पुस्तकरूपाने छापलीत तर प्रती फक्त सभासदांत वाटून संपवू नका. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह नेमलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. खाजगी प्रकाशने हे हमखास विसरतात. एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला, एक ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाला किंवा तुमच्या जवळच्या जुन्या संग्रहाला द्या. दर पाच वर्षांनी पुरवणी काढायची असे पहिल्या आवृत्तीतच छापून टाका, आणि माहिती कळवण्यासाठी कुणा पदाधिकाऱ्याचा फोन न देता शाळेचा पत्ता द्या. पदाधिकारी बदलतात, आणि आज ना उद्या त्यांच्याही नोंदी लिहाव्या लागणार आहेत.